मोतीबिंदू आणि काचबिंदू यांवरील संयुक्त शस्त्रक्रिया : दोन व्याधींच्या भेदाचा आणि योगाचा इतिहास

१. विषयप्रवेश

एकाच डोळ्यात मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन्ही विकार आढळणे ही नेत्रवैद्यकात अपूर्व गोष्ट नव्हे. दोन्ही प्रामुख्याने उतारवयाचे विकार असल्यामुळे त्यांचे साहचर्य स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्या स्वरूपात मूलभूत अंतर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून टाकले की प्रकाशाचा मार्ग पुन्हा मोकळा होतो आणि गेलेली दृष्टी परत येते. काचबिंदूत दृक्तंत्रिकेचे तंतू हळूहळू नष्ट होतात. डोळ्यातील द्रवाचा वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख आणि उपचारांच्या आटोक्यात असलेले कारण आहे. दाब उतरविल्याने उरलेली दृष्टी राखता येते, गेलेली परत मिळत नाही. तात्पर्य, एक व्याधी भरून निघणाऱ्या हानीची आहे आणि दुसरी कधीही भरून न निघणाऱ्या हानीची. या दोन्ही व्याधींवर एकाच वेळी, एकाच मेजावर शस्त्रक्रिया करण्याची पद्धती कशी उत्पन्न झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या इतिहासाची मांडणी बहुधा शस्त्रवैद्याच्या कौशल्याचा क्रमविकास म्हणून केली जाते, आणि ती खोटी नाही. तथापि ती अपुरी आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावाकडून या इतिहासाकडे पाहिले असता त्याचे दुसरे एक अंग दिसू लागते. तेथील वृद्ध शेतकऱ्याच्या दृष्टीने ‘एक शस्त्रक्रिया की दोन’ हा प्रश्न किती वेळा घर सोडावयाचे, सोबतीला कोण येणार, सुगीचे दिवस कोणते आणि डोळ्यात घालावयाचे औषध किती वर्षे परवडणार, या प्रश्नांपासून वेगळा काढता येत नाही. संयुक्त शस्त्रक्रियेचा इतिहास या दोन्ही अंगांनी वाचणे आवश्यक आहे.

२. नावांचा संकर

दोन व्याधी एकत्र हाताळण्यापूर्वी त्या दोन आहेत हे कळावे लागते. हे ज्ञान मानवाला फार उशिरा झाले, आणि त्या विलंबाच्या खुणा आजही भाषेत टिकून आहेत. मराठीतील ‘काचबिंदू’ हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण होय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तिमिर, काच आणि लिंगनाश अशा दृष्टिरोगाच्या चढत्या अवस्था सांगितल्या आहेत. दोष डोळ्याच्या आतल्या पटलांत जसजसा शिरतो तसतसे तिमिराचे काचात आणि काचाचे लिंगनाशात रूपांतर होते. या वर्णनातील ‘काच’ आजच्या वैद्यकाच्या परिभाषेत काचबिंदूपेक्षा मोतीबिंदूच्या वाढत्या अवस्थेलाच अधिक जवळचा आहे. म्हणजे जुन्या शास्त्रात एका व्याधीच्या पायरीला दिलेली संज्ञा लोकभाषेत दुसऱ्या व्याधीच्या नावात येऊन बसली.

हा संकर केवळ आपल्याकडचा नाही. ग्रीक वैद्यकात ‘ग्लॉकोमा’ हा शब्द प्रथम बाहुलीच्या निळसर-हिरवट रंगाचा वाचक होता. पुढे गॅलेनच्या परंपरेत एक विभागणी रूढ झाली : भिंगापुढे उतरणारा जो गढूळ पदार्थ शलाकेने दूर सारता येतो तो एक विकार, आणि खुद्द भिंग बिघडल्याने होणारा ‘ग्लॉकोमा’ हा दुसरा, असाध्य विकार. ही विभागणी शरीररचनेच्या दृष्टीने चुकीची होती, परंतु तिच्या मुळाशी खरा अनुभव होता. काही अंध डोळे शलाकेने बरे होत आणि काही होत नसत. जे होत नसत त्यांतील पुष्कळांना आज काचबिंदू म्हटले गेले असते.

भारतीय परंपरेतही हाच अनुभव निराळ्या शब्दांत नोंदलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाशावर शलाकेने वेधन करण्याचा विधी दिला आहे. मात्र दृष्टिस्थानातील दोष मधोमध पातळ असेल, त्यावर रेषा असतील, अथवा डोळा दुखत किंवा लाल झालेला असेल, तर वेधन करू नये असा निषेधही तेथेच आहे. याच तंत्रात अन्यत्र ‘अधिमंथ’ नावाच्या रोगाचे वर्णन येते. डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना होते, ती अर्ध्या मस्तकात पसरते, आणि उपचारात हयगय झाल्यास दोषभेदानुसार तत्काळ किंवा पाच ते सात रात्रींत दृष्टी नष्ट होते, असे तेथे म्हटले आहे. अधिमंथ म्हणजेच काचबिंदू असे सरळ समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल, कारण वेदनेवाचून वर्षानुवर्षे चालणारा काचबिंदू या वर्णनात बसत नाही. तथापि तीव्र काचबिंदूच्या झटक्याशी असलेले त्याचे साम्य नजरेआड करता येण्याजोगे नाही. दुखऱ्या, लाल डोळ्याला शलाका लावू नये हा निषेध आणि अधिमंथाचे वर्णन ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली असता, दोन व्याधी एका डोळ्यात भेटू शकतात आणि भेटल्या असता शस्त्र धोक्याचे ठरते, ही जाणीव त्या काळीही होती असे अनुमान करता येते.

३. भेद स्पष्ट होतो

युरोपात १८व्या शतकाच्या प्रारंभी ब्रिसो आणि मेत्र-जाँ या फ्रेंच वैद्यांनी मोतीबिंदू म्हणजे खुद्द भिंगच गढूळ होणे होय, असे शवविच्छेदनावरून दाखवून दिले. त्यानंतर १७४७ मध्ये झाक दाव्हिएल याने भिंग खाली ढकलण्याऐवजी छेद घेऊन ते डोळ्याबाहेर काढले, आणि १७५२ मध्ये आपली पद्धती पॅरिसच्या शस्त्रवैद्यांच्या अकादमीपुढे मांडली. मोतीबिंदूचे स्थान अशा रीतीने निश्चित झाले. ‘ग्लॉकोमा’ ही संज्ञा मात्र निराधार झाली. ती भिंगातून निघाली, काही काळ भिंगामागील काचद्रवाकडे सोपविली गेली, आणि १८३० मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकेंझी याने आपल्या ग्रंथात अशा डोळ्याच्या कठीणपणावर भर दिला, तेव्हा तिचा दाबाशी असलेला संबंध पुढे येऊ लागला.

निर्णायक पाऊल १८५१ मध्ये पडले. हेल्महोल्ट्झच्या नेत्रदर्शकामुळे जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच पाहता आला. दृक्तंत्रिकेच्या मुखाशी पडलेला खळगा दिसला, आणि दाब व अंधत्व यांमधील दुवा हाती आला. १८५७ मध्ये अल्ब्रेख्त फॉन ग्रेफ याने परितारिकेचा तुकडा कापून काढल्यास तीव्र काचबिंदू शमतो असे जाहीर केले. काचबिंदूवर उपकारक ठरलेली ही पहिली शस्त्रक्रिया होय. दाव्हिएल आणि ग्रेफ यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एका व्याधीवर उपाय सापडल्यानंतर दुसरीवर सापडेपर्यंत चार पिढ्या लोटल्या, ही गोष्ट संयुक्त शस्त्रक्रियेच्या विलंबाचे पहिले कारण म्हणून ध्यानात ठेवावी लागते.

या संक्रमणाच्या काळात एका मराठी राज्यकर्त्याने नेत्रवैद्यकात घेतलेला रस विशेष उल्लेखनीय आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या आश्रयाने तेथे धन्वंतरी महाल ही संस्था चालत असे. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आजही जतन केलेली आहेत. रुग्ण, त्याची तक्रार, डोळ्याचे रूप आणि केलेला उपचार यांची चित्रासह नोंद ठेवणे ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. मात्र या नोंदी नेत्रदर्शकाच्या पूर्वीच्या आहेत. डोळ्याच्या पुढील भागाचे चित्र काढता येत होते, तळाचे नव्हे. उत्तम निरीक्षकालाही काचबिंदू का निसटत होता, याचा हा बोलका पुरावा आहे.

४. दोन शहरे, दोन शस्त्रक्रिया

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात नेत्रशस्त्रक्रियेची दोन केंद्रे जगाच्या नजरेत आली. पंजाबात जालंधर येथे हेन्री स्मिथ यांनी भिंग त्याच्या आवरणासह बाहेरून दाब देऊन काढण्याची पद्धती हजारो रुग्णांवर वापरली. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९०९ पासून काचबिंदूसाठी श्वेतपटल आणि स्वच्छमंडल यांच्या संधीवर सूक्ष्म गोल छिद्र पाडण्याची पद्धती रूढ केली आणि १९१३ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एक केंद्र मोतीबिंदूचे, दुसरे काचबिंदूचे. परंतु दोन्ही ठिकाणचे हात एका डोळ्यावर एकत्र आणण्याची वेळ अद्याप आली नव्हती.

इलियट यांच्याच लेखनात या दोन व्याधींच्या भेटीचे एक दारुण चित्र मात्र आढळते. गावोगाव फिरून शलाकेने मोतीबिंदू खाली ढकलणारे वैद्य त्या काळीही होते. उत्तरेत त्यांना सथिया किंवा रावळ म्हणत. त्यांनी हाताळलेल्या डोळ्यांचा अभ्यास करून इलियट यांनी १९१७ मध्ये ग्रंथ लिहिला. अशा डोळ्यांच्या नाशाची मुख्य कारणे म्हणून आतील दाह आणि काचबिंदू यांचा निर्देश त्यांनी केला. रुग्णाला पहिल्या दिवशी दिसू लागे, वैद्य बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दाब वाढून डोळा कायमचा जाई. मोतीबिंदूवरील उपचारातूनच काचबिंदू उत्पन्न होतो, आणि उपचार करणारा त्या वेळी तेथे नसतो. या दुहेरी दुर्दैवाचा दुसरा भाग, म्हणजे उपचारकाची अनुपस्थिती, पुढील सर्व विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये स्थापन झाले, आणि जे. जे. रुग्णालयाच्या आवारात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून स्वतंत्र नेत्ररुग्णालय उभे राहिले. दक्षिणेत मिरजेला विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाचा लौकिक झाला, आणि मोतीबिंदूचे रुग्ण दुरून आगगाडीने तेथे येऊ लागले. जालन्यात १९व्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनचे केंद्र उभारले होते. पुढे तेथे मिशनचे रुग्णालयही निघाले. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग झाला आणि जालना त्यावर आले. परंतु भोकरदनचा मुलूख त्या मार्गापासून बाजूलाच राहिला. केदारखेड्याच्या रुग्णाला पहिला टप्पा बैलगाडीने किंवा पायीच गाठावा लागे.

५. एकाने दुसरीचा घात

दोन्ही शस्त्रक्रिया हाती आल्यावर दोन्ही व्याधी असलेल्या डोळ्याचे काय करावे, हा प्रश्न अटळ झाला. याचे सोपे वाटणारे उत्तर म्हणजे आधी एक करावी आणि काही महिन्यांनी दुसरी. परंतु येथे एक विलक्षण पेच होता, आणि तो समजण्यासाठी काचबिंदूच्या शस्त्रक्रियेचे कार्य पाहावे लागेल.

डोळ्यात सतत एक पातळ द्रव पाझरत असतो आणि परितारिका व स्वच्छमंडल यांच्यामधील कोनातून तो बाहेर जातो. ही वाट तुंबली की दाब चढतो. शस्त्रवैद्य श्वेतपटलातून नवी वाट काढतो. द्रव डोळ्यावरील पातळ आवरणाखाली जमतो आणि तेथे लहानशी फुगोटी दिसू लागते. शरीर मात्र या वाटेकडे जखम म्हणूनच पाहते आणि ती बुजविण्यास प्रवृत्त होते. अन्य शस्त्रक्रियांत जखम भरून येणे हे यश, येथे तेच अपयश. आता काचबिंदूची शस्त्रक्रिया आधी केली, तर मोतीबिंदू अधिक वेगाने वाढतो. त्यानंतर मोतीबिंदू काढला, तर त्या वेळी होणाऱ्या दाहामुळे आधी काढलेली वाट बुजू शकते. याउलट मोतीबिंदू आधी काढला, तर शस्त्रक्रियेनंतरच्या काही तासांत दाब अकस्मात चढू शकतो. निरोगी डोळा तो सोसतो; ज्याची दृक्तंत्रिका आधीच जर्जर झाली आहे, त्या डोळ्याची उरलीसुरली दृष्टी त्यात जाऊ शकते. सारांश, कोणताही क्रम धरला तरी एक शस्त्रक्रिया दुसरीच्या मुळावर येते.

या पेचातून संयुक्त शस्त्रक्रियेची कल्पना निघाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाइने यांची १९०५ ची पद्धती, होल्ट यांची परितारिकेचा भाग छेदात अडकवून ठेवण्याची पद्धती आणि इलियट यांचे छिद्र या काचबिंदूवरील उपायांना भिंग काढण्याची जोड देण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील मुख्य अडचण अशी, की या वाटा उघड्या असत आणि द्रवाच्या निचऱ्यावर कोणतेही नियंत्रण नसे. भिंग काढण्यासाठी त्या काळी स्वच्छमंडलाच्या जवळजवळ अर्ध्या परिघाएवढा छेद घ्यावा लागे. इतक्या मोठ्या जखमेसोबत अनियंत्रित निचरा म्हणजे डोळ्याचा पुढचा कक्ष कोसळण्याचा धोका. म्हणून सावध शस्त्रवैद्य दोन टप्प्यांच्या मार्गानेच जात.

‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ हा लोकांत रूढ झालेला सल्लाही याच कालखंडातील शस्त्रक्रियेशी निगडित होता. जाड भिंगाच्या चष्म्यावाचून दिसणार नाही अशी शस्त्रक्रिया दृष्टी पुरेशी अधू झाल्याविना करण्यात लाभ नव्हता, आणि जुन्या पद्धतीत कच्चे भिंग पूर्णपणे काढणेही कठीण असे. परंतु अति पिकलेला मोतीबिंदू स्वतःच काचबिंदू उत्पन्न करतो. फुगलेले भिंग कोन बंद करते, किंवा द्रवरूप झालेले भिंग आवरणातून पाझरते आणि निचऱ्याची वाट तुंबविते. या दुसऱ्या प्रकाराला १९५५ मध्ये फ्लॉक्स, लिटविन आणि झिमरमन यांनी भिंगद्रवजन्य काचबिंदू या अर्थाची संज्ञा दिली. येथे दोन व्याधींचे नाते साहचर्याचे नसून कार्यकारणाचे आहे, आणि वेळीच भिंग काढणे हाच दोन्हींवरील उपाय आहे. भारतातील ग्रामीण रुग्णालयांना हा प्रकार फार परिचयाचा होता. शास्त्राने एका काळी दिलेला सल्ला शास्त्र पुढे गेल्यावरही गावात टिकून राहतो, आणि त्याची किंमत डोळ्याने मोजावी लागते.

६. योग साधतो

१९६८ मध्ये केंब्रिजचे जॉन केर्न्स यांनी ट्रॅबेक्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि परिस्थिती पालटली. तीत श्वेतपटलाचा एक अर्धजाडीचा पडदा उचलून त्याखालील लहानसा तुकडा काढतात आणि पडदा टाक्यांनी परत बसवितात. वाट निघते, पण तिच्यावर झाकण राहते. द्रव ओघळतो, वाहून जात नाही. निचऱ्यावर हे नियंत्रण आल्यामुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेशी तिचा योग प्रथमच व्यवहार्य ठरला.

दुसऱ्या बाजूने मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही त्याच दिशेने सरकत होती. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये कृत्रिम भिंग बसविले होते. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी ध्वन्यातीत कंपनांनी भिंग फोडून अगदी लहान छेदातून शोषून घेण्याची पद्धती काढली. छेद जसजसा लहान होत गेला तसतसा दाहही कमी झाला, आणि दाह कमी झाल्यामुळे नवी वाट टिकण्याची शक्यता वाढली. १९८० च्या दशकापासून मायटोमायसिन हे जखम भरण्यास विलंब लावणारे औषध काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले जाऊ लागले. १९९० च्या दशकात फेकोइमल्सिफिकेशन, कृत्रिम भिंग आणि ट्रॅबेक्युलेक्टमी यांचा एकत्रित प्रयोग अनेक देशांत प्रस्थापित झाला.

या योगाच्या मर्यादाही त्याबरोबरच स्पष्ट झाल्या. केवळ मोतीबिंदू काढण्यापेक्षा संयुक्त शस्त्रक्रियेने दाब अधिक उतरतो. परंतु केवळ ट्रॅबेक्युलेक्टमीने जितका उतरतो तितका तो सर्वसाधारणपणे उतरत नाही. म्हणून अतिप्रगत काचबिंदूत स्वतंत्र शस्त्रक्रियेचा पक्ष आजही मांडला जातो. उलट, कोन बंद होणाऱ्या काचबिंदूत वयाबरोबर जाड झालेले भिंग हेच कारणाचा भाग असते. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल’ या चाचणीत ४१९ रुग्णांचा समावेश होता. मोतीबिंदू नसतानाही स्वच्छ भिंग काढणे हे अशा डोळ्यांत लेसरच्या प्रचलित उपचारापेक्षा सरस ठरते, असा तिचा निष्कर्ष निघाला. म्हणजे काही डोळ्यांत एकच शस्त्रक्रिया दोन्ही कामे करते. ज्या भिंगातून गॅलेनच्या वैद्यकाने ग्लॉकोमाची उत्पत्ती मानली होती आणि ज्यातून १८व्या शतकाने ती हद्दपार केली होती, तेथे काचबिंदूचा एक प्रकार अंशतः परत आला. अर्थात यावरून प्राचीनांचे म्हणणे खरे ठरले असे मानणे चूक होईल. त्यांची उपपत्ती वेगळी होती आणि आजची वेगळी आहे.

भारतीय परिस्थितीत या प्रवाहाला एक स्वतंत्र वळण मिळाले. फेकोची यंत्रे महाग, त्यांची देखभाल खर्चाची आणि अतिपक्व कठीण मोतीबिंदूंची संख्या मोठी. त्यामुळे लोकांत ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ म्हणून ओळखली जाणारी, लहान छेदातून हाताने भिंग काढण्याची पद्धती येथे सर्वत्र पसरली. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात परीक्षित गोगटे, मदन देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या यादृच्छिक चाचणीत ७४१ रुग्णांवर या पद्धतीची जुन्या मोठ्या छेदाच्या पद्धतीशी तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’त प्रसिद्ध झाले आणि लहान छेदाच्या पद्धतीला अनुकूल ठरले. त्याच सुमारास रवी थॉमस आणि त्यांचे सहकारी यांनी ट्रॅबेक्युलेक्टमीला फेकोची जोड आणि हाताने करावयाच्या पद्धतीची जोड यांची तुलना प्रसिद्ध केली. यंत्रावाचूनही संयुक्त शस्त्रक्रिया समाधानकारक करता येते, ही गोष्ट ग्रामीण रुग्णालयाच्या दृष्टीने मोलाची होती.

७. शिबिर, रुग्णालय आणि गाव

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. म्हणजे केदारखेड्याच्या दोन पिढ्यांसाठी शासकीय नेत्रतज्ज्ञ हा पूर्वी दूरच्या हैदराबादला, मग औरंगाबादला आणि शेवटी जालन्याला असे. ही प्रशासकीय स्थित्यंतरे वैद्यकाच्या इतिहासात गौण वाटतात, पण अंध माणसाला किती अंतर कापावे लागेल हे त्यांनीच ठरविले.

या अंतरावर विसाव्या शतकाने शोधलेला उपाय म्हणजे नेत्रशिबिर. कर्नाटकातील एम. सी. मोदी यांनी एका दिवसात शेकडो शस्त्रक्रियांच्या शिबिरांनी देशभर कीर्ती मिळविली. त्यांना १९५६ मध्ये पद्मश्री आणि १९६८ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लातूर जिल्ह्यात जन्मलेले आणि अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले तात्याराव लहाने यांनी मराठवाड्यात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिबिरांनी लक्षावधींना दृष्टी परत दिली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु शिबिराची रचनाच मोतीबिंदूच्या स्वभावाला अनुसरून झालेली होती. मोतीबिंदू एका नजरेत ओळखता येतो, एका शस्त्रक्रियेत काढता येतो आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना सर्वांना दिसतो. काचबिंदू या तिन्ही बाबतींत त्याच्या विरुद्ध आहे. एका वेळचा दाब पुष्कळदा सामान्य निघतो. दृक्तंत्रिका पाहण्यास वेळ आणि प्रकाशाचा मार्ग स्वच्छ लागतो, आणि गढूळ भिंगाआडून ती दिसत नाही. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीला यंत्र आणि स्वस्थता लागते. मोतीबिंदू काचबिंदूला झाकतो, हे शब्दशः खरे आहे. तमिळनाडूच्या तीन जिल्ह्यांत चाळिशीपुढील ५,१५० व्यक्तींची तपासणी करणारे अरविंद नेत्रसर्वेक्षण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २.६ टक्के व्यक्तींना काचबिंदू आढळला, आणि त्यांतील दहांपैकी नऊंहून अधिक जणांना त्याची आधी कल्पनाच नव्हती. विदर्भात नागपूरजवळच्या खेड्यांतून ४,७११ व्यक्तींची तपासणी करणारा ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हा प्रकल्प विनय नांगिया आणि योस्ट योनास यांनी पार पाडला. महाराष्ट्राच्या ग्रामीण डोळ्याचे वास्तव मोजण्याचा तो महत्त्वाचा प्रयत्न होय.

यातून पुढील स्थित्यंतर घडले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात चाललेल्या मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश होता. त्या काळात शाळेत वा धर्मशाळेत तात्पुरते मेज मांडून शस्त्रक्रिया करण्याची प्रथा मागे पडली. गावात केवळ तपासणी करावी आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला सुसज्ज रुग्णालयात न्यावे, हा क्रम रूढ झाला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जालना शहरातच श्री गणपती नेत्रालय उभे राहिले. आता भोकरदन तालुक्यातील रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी, दाब मोजण्याची साधने आणि तज्ज्ञ जेथे आहेत अशा जागी पोचू लागला. संयुक्त शस्त्रक्रिया शिबिराच्या मेजावर कधीच शक्य नव्हती. ती शक्य झाली ती या बदलामुळे.

येथे रुग्णाच्या बाजूचा युक्तिवाद पूर्ण बळाने पुढे येतो. केदारखेड्यातील वृद्ध रुग्णाला दोन टप्प्यांचा मार्ग सांगणे म्हणजे दोनदा घर सोडणे, दोनदा सोबती शोधणे आणि सोबत्याची मजुरी दोनदा बुडविणे. अनुभव असा, की पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दिसू लागले म्हणजे दुसरीसाठी रुग्ण येत नाही. आणि पहिली काचबिंदूची असून तिने दृष्टीत काहीच भर घातली नाही, तर त्याचा वैद्यावरचा विश्वासच उडतो. रोज थेंब घालण्याचा पर्याय आयुष्यभराच्या खर्चाचा आहे. अशा स्थितीत एकाच भूलीत, एकाच मुक्कामात दोन्ही व्याधी हाताळणारी शस्त्रक्रिया त्याला सर्वांत अनुकूल ठरते. मोतीबिंदू निघाल्याने त्याला प्रत्यक्ष लाभ दिसतो, आणि त्या दृश्य लाभाच्या आश्रयाने काचबिंदूवरील अदृश्य उपचारही पदरात पडतो.

८. उपसंहार

तथापि याच युक्तिवादात एक मोह दडलेला आहे, आणि इतिहासाने त्याविषयी पुरेसा इशारा देऊन ठेवला आहे. एक शस्त्रक्रिया म्हणजे एक भेट, असे समीकरण मांडले जाण्याचा तो मोह होय. ट्रॅबेक्युलेक्टमीने काढलेली वाट पहिल्या काही आठवड्यांत बुजू पाहते. कधी टाका सैल करावा लागतो, कधी फुगोटीला मदत करावी लागते. पातळ झालेल्या फुगोटीतून जंतुसंसर्ग होण्याचा धोका वर्षांनंतरही उरतो. दृक्तंत्रिकेची तपासणी तर आयुष्यभर करावी लागते. म्हणून संयुक्त शस्त्रक्रियेने शस्त्रक्रियांची संख्या कमी होते, भेटींची होत नाही. किंबहुना केवळ मोतीबिंदू काढलेल्या रुग्णापेक्षा या रुग्णाला रुग्णालयाची गरज अधिक काळ लागते. दृष्टी परत आल्यावर तो स्वतःला बरा समजतो आणि परत येत नाही, हाच या उपचाराचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

सुश्रुताने वेधनानंतर दहा दिवसांची परिचर्या आणि तिचे कडक नियम सांगितले होते. फिरत्या सथियाने ती सोडून दिली, आणि इलियट यांनी पाहिलेले डोळे हा तिच्या अभावाचा परिणाम होता. शिबिरांनी शस्त्रक्रिया सुधारली, पण त्यांचा मुक्काम हलल्यावर मागे उरणाऱ्या डोळ्याचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. या दृष्टीने पाहता, संयुक्त शस्त्रक्रियेचा इतिहास शस्त्राबरोबरच वैद्याच्या उपस्थितीचाही इतिहास आहे. दाब मोजणारे साधन, डोळ्याचा तळ पाहू शकणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि रुग्णाचे नाव लक्षात ठेवणारी नोंदवही ही गावाच्या जितकी जवळ येतील, तितका या शस्त्रक्रियेचा लाभ टिकाऊ होईल. २०१२ नंतर परदेशांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर निचऱ्याच्या वाटेत बसविण्याच्या सूक्ष्म नळ्या प्रचारात आल्या, आणि उद्या आणखी नवी साधने येतील. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील रुग्णाच्या दृष्टीने त्यांचे मूल्य शेवटी एकाच कसोटीवर ठरेल : शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी त्याच्या डोळ्याचा दाब कोणी मोजला की नाही.